बेवारस पहारा

चावी फिरवल्यावर गाडी सुरू झाली नाही की ती गप्प बसली, असं आपण म्हणतो. पण सुरू न होण्याचेही आवाज असतात आणि ते कानाला ओळखीचे झाले तर अर्धं निदान जागच्या जागी होतं. सेल्फ फिरतो, इंजिन घरघरतं, पण धरत नाही, तेव्हा पेट्रोल किंवा ठिणगी कुठेतरी अडलेली असते. कट्-कट्-कट् असा कोरडा आवाज येतो आणि दर ठोक्याला डॅशबोर्डवरचे दिवे विझत आल्यासारखे होतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलेलं असतं. एकच दणकट टक्क आणि पुढे काही नाही, तर सेल्फची मोटर उतरवून बघावी लागते.

आणि एक शांतता या सगळ्यांहून निराळी असते. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, वायपर फिरतात, काचा वरखाली होतात, रेडिओवर सकाळच्या बातम्या लागतात. चावी शेवटच्या टप्प्यावर नेली की मात्र काहीच नाही. टक्कसुद्धा नाही. गाडीत काही मोडलेलं नाही, काही संपलेलं नाही. निघायचं नाही, असं तिला कुणीतरी बजावून ठेवलेलं आहे. बाहेरून अलार्म बसवून घेतलेल्या जुन्या गाडीत ही शांतता भेटली, तर बहुतेक वेळा ती त्या अलार्मचीच असते. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्या शांततेच्या मागे यंत्रापेक्षा माणसंच जास्त आहेत. एक घाबरलेला माणूस आहे, एक घाईत असलेला माणूस आहे आणि ज्याच्या वाट्याला ती येते तो तिसरा, ज्याला या दोघांपैकी कुणीच काही सांगितलेलं नाही.

गाडी सुरू करणं हे एके काळी अंगमेहनतीचं काम होतं. इंजिनाला पुढून लोखंडी हँडल लावायचं, दम धरून फिरवायचं आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट सांभाळायचं. पुष्कळांना ते सांभाळता आलं नाही. अमेरिकेत १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा सेल्फ आला आणि हँडलाचा जमाना सरत गेला. आपल्याकडे मात्र फियाट, अँबॅसिडर आणि जीप यांच्याबरोबर ते पुढे कितीतरी वर्षं डिकीत पडून असायचं. थंडीतल्या सकाळी शेजारचे काका धोतराचा सोगा खोचून हँडल मारताहेत आणि आम्ही पोरं श्वास रोखून बघतोय, हे माझ्या पिढीने पाहिलेलं आहे.

ती सगळी ताकद सेल्फने एका बारीक वायरीच्या हवाली केली. इग्निशन स्विचपासून निघून ही वायर सेल्फवरच्या सोलेनॉइडला जाते. तिच्यातून जाणारा करंट तसा थोडाच. पण तो पोचला की सोलेनॉइड खटका ओढतो आणि बॅटरीच्या जाड केबलमधून शंभराहून जास्त अँपिअरचा लोंढा मोटरीत शिरतो. बारीक वायर फक्त निरोप्याचं काम करते. अलार्म बसवणारा माणूस डॅशबोर्डखाली आडवा होऊन हाच निरोप्या शोधतो, त्याला मधोमध कापतो आणि त्या दोन तोंडांच्या मध्ये एक रिले बसवतो.

रिले म्हणजे काडेपेटीहून लहान, काळा चौकोनी ठोकळा. खाली पितळी पाय, त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत आकडे: ३०, ८५, ८६, ८७, ८७ए. मधल्या वेटोळ्यात करंट नसतो तेव्हा ३० आणि ८७ए एकमेकांना धरून असतात आणि वायर अखंड असल्यासारखी वागते. अलार्मने वेटोळ्याला करंट दिला की आतली पट्टी उचलली जाते, हात सुटतो आणि निरोप अर्ध्यावर थांबतो. नीट विचार करून काम करणारा कारागीर अशीच जोडणी करतो, म्हणजे उद्या अलार्म मेला तरी गाडी मरत नाही. काहीजण मुद्दाम उलटी जोडणी करतात, ८७ वर. चोराने अलार्मची वायर तोडली तरी सेल्फ उठू नये हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे असं म्हणवत नाही. पण अशा गाडीत अलार्मचा दहा रुपयांचा फ्यूज उडाला तरी मालक रस्त्यावर येतो आणि चोराला कधी न दिसलेली ती युक्ती मालकालाच पहिल्यांदा भेटते.

हे अलार्म ज्या काळात घरोघर आले तो काळही डोळ्यांपुढे आणायला हवा. नव्वदीच्या दशकात मध्यमवर्गाच्या घरात पहिली मोटार आली. तिच्यासाठी सोसायटीत कर्ज, पीएफमधून उचल, बायकोच्या बांगड्या. इतक्या कष्टांनी आलेली वस्तू रात्री उघड्यावर, रस्त्याच्या कडेला उभी. चावी नुसती धातूची, दाते घासून कुणीही दुसरी बनवावी अशी. गल्लीतली एक गाडी गेल्याची बातमी आली की त्या महिन्यात ॲक्सेसरीजवाल्याच्या दुकानापुढे रांग लागायची. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना कंपनीतूनच चोरीविरोधी इमोबिलायझर बसवणं सक्तीचं झालं. तिथे चावीच्या मुठीतच चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातूनच ती जगण्यापुरती वीज घेते आणि आपला क्रमांक सांगते. ही सोय आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांपर्यंत पोचायला वेळ लागला आणि तोवर तिची जागा बाजारातल्या अलार्मने भरून काढली. मोटार विम्याच्या नियमांतही अशा उपकरणाला सवलत होती: पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रमाणित केलेलं असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम किरकोळ होती. पण पाचशे रुपयांसाठी कुणी अलार्म बसवला नाही. झोप लागावी म्हणून बसवला.

रात्री दोन वाजता सायरन वाजला की त्या काळी अख्खी बिल्डिंग उठायची आणि जिन्यातून बनियनवर धावत येणारा माणूस गाडी जागेवर बघून जो श्वास सोडायचा, तो मी ऐकलेला आहे. मांजर चढलेली असायची, नाहीतर फांदी पडलेली. तरीही त्या माणसाला हसावंसं मला कधी वाटलं नाही.

माझ्याकडे आली ती जुनी मारुती आठशे अशीच कुणाची तरी काळजी पोटात घेऊन आली होती. मागच्या काचेवर अर्धवट खरवडलेलं अलार्मचं स्टिकर, आणि स्टिअरिंगजवळ लुकलुकणारा लाल ठिपका दुसऱ्याच कुठल्या अलार्मचा. ऐन जुलैत ती घेऊन मी गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गच्या वाटेवरच्या मावशीच्या गावी गेले. मावशीला डोळे दाखवायला कणकवलीला न्यायचं होतं. रात्रभर असा पाऊस लागला होता की कौलांवरून पडणाऱ्या धारांपलीकडे खळ्यातली गाडीही नीट दिसत नव्हती. सकाळी मावशी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली, दिवे लागले, चावी फिरवली, आणि तीच शांतता.

वाडीतली पोरं जमली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावर धक्का दिला, क्लच सोडला, आणि गाडीने पहिल्या हिसक्यालाच धरलं. हा धक्का निदानाच्या दृष्टीने लाखमोलाचा असतो. अलार्मने इग्निशन किंवा पेट्रोलचा पंप तोडला असेल तर दिवसभर ढकला, इंजिन धरणार नाही. धक्क्याने धरलं, याचा अर्थ सेल्फ किंवा त्याचा निरोप यांखेरीज सगळं ठीक आहे.

तळेऱ्याला हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण वायरमन बसतो. मुंबईत कुठल्याशा दुकानात काम शिकून गावी परतलेला. इंजिन चालूच ठेवून त्याच्यासमोर गाडी उभी केली. त्याने आधी बॉनेटवरचा पाऊस हाताने निपटला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. ऐकून घेणारा मेकॅनिक भेटला की माझा जीव भांड्यात पडतो.

"धक्क्यान धरली मां? मगे पेट्रोल नि करंट बरो आसा, काकी. सेल्फाक वरसून हुकूम येणा नाय."

मावशी आतून म्हणाली, "चोर येतलो तेव्हा येतलो, माका आज डोळे दाखवूचे आसत."

त्याने इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला. मग टेस्ट लॅम्पची चिमटी अर्थला लावून टोक सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर टेकवलं आणि मला चावी फिरवायला सांगितली. दिवा लागला नाही. टोक इग्निशन स्विचच्या मागे नेलं. तिथे लागला. म्हणजे निरोप निघतो आहे, पोचत नाही आहे. मधल्या हातभर अंतरात कुठेतरी तो हरवतो. (हा टेस्ट लॅम्प जुन्या गाडीत चालतो. नव्या गाड्यांच्या नाजूक सर्किटांना मल्टिमीटरच लावावा, आणि डॅशबोर्डखाली पिवळी आवरणं असलेल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजून त्यांना बोटही लावू नये.)

स्टिअरिंगखालचं प्लास्टिक उतरवलं तेव्हा आत जे दिसलं ते बघून तो काही वेळ नुसताच बघत राहिला. मूळ वायरी कारखान्यातून आलेल्या, एकत्र बांधलेल्या, वळणदार. त्यांच्यावर रंगाचा मेळ नसलेले जोड. एका ठिकाणी लाल वायरीला पिवळी, पिवळीला पुन्हा निळी. जोड म्हणजे दोन तोंडं नुसती पिळून वर काळी टेप. तिचा डिंक उन्हाळ्यामागून उन्हाळे वितळून ओघळलेला, बोटाला काजळासारखा काळा लागणारा. नखाने टेप सोलली तर आत तांब्याचे तंतू कसले, हिरवट पूड उरलेली.

"ह्या एकाचा काम नाय," तो म्हणाला. "तीन जणांचे हात लागलेले आसत हेका."

त्याने अलार्मच्या बॉक्सचं कपलर उपटलं. लाल ठिपका विझला. आता रिले सैल पडून वायर अखंड व्हायला हवी होती. चावी फिरवली. शांतता तशीच. त्याने अलार्मच्या रिलेचे दोन पाय वायरीच्या तुकड्याने जोडून पाहिले, तरी काही नाही. इथे दुसरा कुणी असता तर सेल्फ उतरवायच्या गोष्टी सुरू झाल्या असत्या. हा मात्र डोळे जवळजवळ मिटून, कापलेल्या वायरीवरून बोट सरकवत सरकवत आत गेला, वर, वाऱ्याच्या नळीच्या मागे, जिथे टॉर्चचा उजेडही धड पोचत नव्हता. आणि तिथून त्याने टेपमध्ये गुंडाळलेला दुसरा रिले ओढून काढला.

"हेचो बॉक्स खंय आसा?"

बॉक्स नव्हताच. हा खरवडलेल्या स्टिकरवाल्या जुन्या अलार्मचा रिले होता. तो अलार्म कधीचाच काढून टाकलेला. सायरन काढला, बॉक्स काढला, लाल दिवा काढला. रिले मात्र कुणी काढला नाही, कारण तो काढायचा तर कापलेली वायर पुन्हा सांधावी लागते आणि त्यासाठी आणखी अर्धा तास उताणं पडावं लागतं. त्याच्या वेटोळ्याच्या दोन वायरी कापून, टेप लावून, लोंबत सोडलेल्या होत्या. त्याला हुकूम देणारं कुणी उरलेलं नव्हतं. तरी गाडी सुरू करायचा दर निरोप इतकी वर्षं त्याच्या हातातून जात होता आणि तो जाऊ देत होता. कोकणच्या हवेत, घाटातल्या धुक्यात, एकेका पावसाळ्याने आतली पट्टी काळवंडत गेली, आणि त्या रात्रीच्या ओलीने तिचा स्पर्श सुटला. वायरमनने ब्लेडने वरचं आवरण उघडून दाखवलं. धातूचा ठिपका, त्यावर काळी साय.

दोन्ही बाजूंच्या तोंडांना वायर टेकवली आणि सेल्फ दणक्यात उठला. मावशीने खिडकीतूनच हात जोडले.

मावशीच्या वाडीला राखणदार आहे. माडांच्या कडेला, वहाळाजवळ, शेंदूरही न लावलेला एक पाषाण. वर्षातून एकदा त्याला राखण देतात, नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. जमीन वाटून गेली, कुणी विकली, मुंबईचा कुणी येऊन राहिला, तर त्या नव्या माणसाला तिथे उभं करतात आणि घरातला जाणता गाऱ्हाण्यात त्याचं नाव घेतो: हा अमक्याचा तमका, आता इथे राहायला आलाय, याला सांभाळ. राखणदार खरोखर ऐकतो का, या वादात मला पडायचं नाही. पण पहारा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ओळख करून द्यावी लागते, हे शहाणपण त्या वाडीने जपलं आहे. माझ्या गाडीतल्या पहाऱ्याला ते कुणीच दाखवलं नव्हतं. पहिल्या मालकाने दुसऱ्याला सांगितलं नाही, दुसऱ्याने दलालाला सांगितलं नाही, दलालाला ठाऊकच नव्हतं. आणि तो काळा ठोकळा वाऱ्याच्या नळीमागे तसाच उभा राहिला.

यंत्राला माणूस ओळखू येत नाही, त्याला खूण ओळखू येते. रिमोटचंच बघा. चांगल्या अलार्मचा रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवतो, म्हणजे कुणी तो हवेतून चोरून पुन्हा वाजवला तर उपयोग होऊ नये. अशी कीलॉक नावाची पद्धत दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात निघाली, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली आणि तिथून ती जगभरातल्या गाड्यांच्या अलार्ममध्ये शिरली. रिमोट आणि बॉक्स दोघेही मनात मोजत असतात. घरात नातवाने रिमोट खेळायला घेतला आणि गाडीपासून लांब बसून बटण दाबत राहिला, तर रिमोटची मोजणी पुढे जाते आणि बॉक्सची मागेच राहते. पुढच्या सोळा संकेतांपर्यंत बॉक्स चालवून घेतो. त्यापुढे गेलात तर तो एका दाबण्याला दाद देत नाही, लागोपाठ दोन वेळा संकेत मिळाला की मग त्याचा विश्वास बसतो. म्हणून रिमोट चालेनासा झाला तर आधी गाडीजवळ जाऊन, थांबून थांबून दोनदा दाबून बघावा. नंतर त्यातला सेल बदलावा. बारा व्होल्टचा तो बोटाच्या पेराएवढा सेल हळूहळू मरतो आणि आपल्याला वाटतं गाडी बिघडली. मोबाइलच्या टॉवरखाली किंवा मोठ्या ट्रान्समीटरजवळ कधी कधी चांगला रिमोटही मुका होतो. गाडी थोडी ढकलून पलीकडे नेली की काम होतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अशा अलार्ममध्ये बहुधा एक लपवलेलं बटण असतं, स्टिअरिंगच्या आसपास, फ्यूजबॉक्सच्या कडेला किंवा सीटखाली. रिमोट हरवला तर चावी फिरवून, ठरलेल्या वेळात ते बटण दाबलं की अलार्म नमतं घेतो. ती रीत प्रत्येक अलार्मची वेगळी आणि अलार्मच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेली असते. तो कागद खोक्याबरोबर रद्दीत जातो. लाल दिव्याची लुकलुक सुद्धा अशीच एक भाषा आहे: काही अलार्म किती वेळा लुकलुकले यावरून सांगतात की रात्री काच हलली, दार उघडलं की बॉनेट. पावसाळ्यात बॉनेटखालची पिन गंजली की बॉक्सला बॉनेट सतत उघडंच वाटतं. हे सगळं तो दिवा जमेल तसं सांगत असतो, फक्त ऐकणाऱ्याकडे तो कागद हवा.

गाडी महिनाभर बंद ठेवणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेबही आहे. पहारा फुकट होत नाही. अलार्म उभ्या गाडीत साधारण २० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास गेला, महिन्याला चौदा-पंधरा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन महिने परदेशी मुलाकडे राहून आलेल्या आईवडिलांना विमानतळावरून घरी आल्यावर जी मेलेली गाडी भेटते, तिचं गणित बहुतेक वेळा इतकं सोपं असतं. भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. बाराच्या खाली गेला तर अलार्मवर संशय घेण्याआधी बॅटरी चार्ज करून बघावी, कारण उपाशी अलार्म भ्रमिष्टासारखा वागतो: दारं आपोआप लॉक करतो, अर्धवट वाजतो, ओळखीचा रिमोट नाकारतो.

वायरमनने पुढचा अर्धा तास जे केलं त्यासाठी मला त्याचे आभार मानावेसे वाटतात. वायर पिळून टेप लावून देणं पाच मिनिटांचं काम होतं आणि मी काही बघायला वाकले नसते. त्याने दोन्ही रिले काढले, कापलेल्या वायरीची हिरवी पडलेली तोंडं छाटून लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे गेला, मधे नवा तुकडा घातला, सोल्डर मारला, त्यावर काळी स्लीव सरकवून लायटरच्या आचेवर आवळली. मग ती वायर पुन्हा मूळ जुडग्यात, मूळ वळणाने बांधली. आता तिथे बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते फुगवट्यावरूनच कळतं.

"अलार्म ठेवू?"

सायरन आणि सेंट्रल लॉक राहू दे म्हटलं, सेल्फ मात्र मोकळा सोड. कुणी काच फोडली तर ओरडावं, इतकी राखण मला पुरे. वयस्कर माणसाला दवाखान्यात नेताना निघायचं नाही असं सांगणारा पहारा मला नको. हे माझं मत आहे, आणि ज्याची गाडी रोज रात्री निर्जन रस्त्यावर उभी राहते तो वेगळा निर्णय घेईल, तर तोही बरोबरच. पण घेणाऱ्याला आपण काय निर्णय घेतलाय हे ठाऊक असावं. दुकानदार 'सगळं बसवून देतो' म्हणतो आणि आपण रंग निवडून निघून येतो, तेव्हा आपल्या गाडीची सर्वांत महत्त्वाची वायर आपल्या माघारी कापली जाते. कंपनीची वॉरंटी चालू असलेल्या गाडीत अशी कापाकापी त्या वॉरंटीवरही उठू शकते. आजच्या ज्या गाड्यांच्या चावीत चिप आहे, त्यांना सेल्फ तोडणारा बाहेरचा अलार्म लावून फारसं काही मिळत नाही.

आणि गाडी विकत घेणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, दोघांना एक विनंती आहे. या पावसाळ्याआधी ओळखीच्या वायरमनकडे अर्धा तास बसा. बॉक्स कुठे आहे, त्याचा फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, रिले किती आणि कोणत्या वायरीवर, लपवलेलं बटण कुठे आणि ते कसं दाबायचं, हे त्याच्याकडून एका कागदावर काढून घ्या, वेडंवाकडं चित्र असलं तरी चालेल. जुन्या अलार्मचं काही आत उरलं असेल तर ते आजच काढायला लावा आणि वायर सोल्डर करून सांधायला सांगा. त्या मेहनतीचे पैसे द्यायला घासाघीस करू नका. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. गाडी विकाल त्या दिवशी आरसी, विमा आणि दोन चाव्या यांच्याबरोबर तो कागदही नव्या मालकाच्या हातात द्या.